अठ्ठ्याहत्तर बाजू

चर्चमधल्या बायका माझ्या वहिनीला, लव्हॉनला, देवमाणूस म्हणतात तेव्हा माझं डोकं उठतं. किती शांत, किती व्यवस्थित, कधी कुणाला उणा शब्द बोलत नाही! त्यांचं काय जातंय म्हणायला? त्यांनी तिच्याशी ठोकळ्यांची अदलाबदल केलेली नाही. मी केली आहे, आणि अजून माझ्या नखांतला डिंक निघालेला नाही.

लव्हॉनने सत्तावीस वर्षं आमच्या आयोवातल्या या कोपऱ्यात शेतावरच्या घरांना टपाल वाटलं. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, तरी बसायचं उजव्या सीटवर, डावा हात स्टिअरिंगवर, डावा पाय लांब करून ब्रेकवर, आणि उजव्या हाताने खिडकीतून प्रत्येकाच्या पेटीत टपाल टाकायचं. बर्फात, चिखलात, एक दिवस चुकला नाही. हे सगळं कौतुकाचंच आहे. पण नोकरी संपली तरी बाईच्या अंगातून टपाल गेलं नाही. पाकीट तळहातावर ठेवून ती वजन सांगते आणि ते बरोबर निघतं. एकदा मी तिला वाढदिवसाचं कार्ड हातात दिलं, तर उलटसुलट करून म्हणाली, "तिकीट नाही लावलंस?" मी समोर उभी होते! हातात दिलं होतं!

निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बायका गोधड्या शिवतात, नाहीतर नवऱ्याच्या मागे लागतात. लव्हॉनने ठोकळे धरले. दीड इंचाचा लाकडी ठोकळा घ्यायचा आणि त्याच्या सहाही बाजू सजवायच्या. रंग, जुने कागद, कापड, लेस, बटणं, घड्याळाची चाकं, मक्याचे दाणे, जे सुचेल ते चिकटवायचं. एकसारखे तेरा करायचे आणि लव्हॉनकडे टपालाने पाठवायचे. कुठकुठल्या राज्यांतल्या तेरा बायका यात आहेत, लव्हॉन धरून. ती सगळ्यांचे ठोकळे गोळा करते, वाटण्या करते, आणि प्रत्येकीला बाकीच्या बाराजणींचा एकेक ठोकळा मिळतो. तेरावा जादा. तो लव्हॉनच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या बरणीत जातो. एखादी नवी बाई आली की बरणीतला तिच्या पसंतीचा एक ठोकळा तिला भेट.

ऐकायला किती गोड! पण लव्हॉनने या खेळाचे सतरा नियम पिवळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घेतलेत. वस्तू अस्सल हवी, झेरॉक्स चालणार नाही. ठोकळा पूर्ण वाळलेला हवा, चिकट ठोकळा परत पाठवला जाईल. तारीख म्हणजे तारीख. टपालाने येईल ते टपालानेच जाईल. आणि सतरावा, जाड अक्षरात: एकदा गेलेला ठोकळा परत मागू नये. कॅन्ससच्या एका बाईच्या पार्सलवर टपालाचा शिक्का एक दिवस उशिराचा होता, तर हिने ते न उघडता परत पाठवलं होतं. ती बाई तेव्हा बाळंत झाली होती.

आता माझ्या भावाविषयी सांगायला हवं. गेरिट माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांची शेती त्यानेच केली, त्याच घरात राहून. बियाण्याची कंपनी दर वर्षी शेतकऱ्यांना खिशात मावेल अशी एक वही फुकट देते. गेरिट त्यात रोज शिसपेन्सिलीने पाऊस लिहायचा, किती इंच. खाली दोन-चार शब्द. टायर बसलं. गाय व्याली. आमची आई गेली त्या दिवशी त्याने लिहिलंय: "पाऊस ०.१०. आई गेली." एवढंच. त्याच्या पोटातलं काही बाहेर यायचं असेल तर ते त्या वहीतच यायचं, तोंडातून नाही.

दर रविवारी चर्च सुटलं की कॉफी आणि वड्या गेरिटकडे, हे वडिलांच्या वेळेपासूनचं. मी चाळीस वर्षं जात होते. मग अडीच वर्षांपूर्वी एप्रिलात गेरिटने घरामागची राई पाडली. वडिलांनी लावलेली राई, वाऱ्याला आडोसा म्हणून. मी लहानपणी तिथेच वाढले म्हणा ना. किडीने झाडं पोखरली होती, हे खरं आहे. पण मला एक फोन? एक शब्द? मी शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटून गाडीने जात होते, सहज मान वळवली तर राईच्या जागी नुसतं आभाळ. मी तशीच आत वळले आणि अंगणात उभी राहून त्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, "झाडं गेली होती, आर्लिस." मी म्हटलं, "आता मीही गेले समज."

आणि गेले. रविवारी जायची बंद झाले. त्याने फोन करावा, मग जाईन, असं ठरवलं. त्याने केला नाही. चर्चमध्ये मान हलवायचो एकमेकांना, ओळखीच्या माणसासारखी. असे अठरा महिने गेले. मग गेल्या वर्षी ऑक्टोबरात, ऐन कापणीत, गेरिट अवजारांच्या शेडमध्ये खाली पडला तो उठलाच नाही.

त्याला वाईट वाटलं होतं का? एवढंच मला हवं होतं. राईबद्दल नाही हो, राई गेली खड्ड्यात. माझ्याबद्दल. अठरा महिने बहीण आली नाही, याचं त्याला काही वाटलं की नाही? उत्तर असेल तर वहीत असेल. म्हणून मेमध्ये मी लव्हॉनकडे गेले आणि गेरिटच्या वह्या मागितल्या. तिने लगेच बुटांच्या खोक्यात घालून चाळीस वह्या दिल्या, वर्षवार लावून, रबराने बांधून. घरी येऊन बघते तर शेवटच्या दोन नाहीत.

परत गेले. लव्हॉन स्वयंपाकघराच्या टेबलाशी चिमट्याने बटणं निवडत होती.

"शेवटच्या दोन वह्या कुठेयत?"

"त्या वापरल्या."

"वापरल्या म्हणजे?"

"वसंताच्या अदलाबदलीला. कापून चिकटवल्या ठोकळ्यांवर." मान वर न करता. "पावसाचे आकडे. फार छान दिसले. ओहायोच्या बाईने पत्र पाठवलंय, दाखवू?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"लव्हॉन, तू माझ्या भावाचं अक्षर कापलंस?"

"माझ्या नवऱ्याचं," ती म्हणाली.

"अगं पण झेरॉक्स काढायची! लायब्ररीत मशीन आहे!"

"झेरॉक्स चालत नाही. चौथा नियम."

"नियम तूच केलेत!"

"म्हणून तर मी मोडू शकत नाही ना."

अशा बाईशी भांडायचं कसं? मी पत्ते मागितले, बाराही जणींचे. म्हणाली, पत्ते देत नाही, आणि गेलेला ठोकळा परत मागायचा नाही. मग माझी नजर बरणीकडे गेली. बरणीत वरच होता तो. पिवळट कागद, त्यावर गेरिटचा आकडा: ०.३०. आकड्याखाली निळ्या कापडाची पट्टी. त्याच्या कामाच्या शर्टाची, मी ओळखली.

"तो दे."

"तो जादा ठोकळा आहे. नव्या बाईसाठी."

"मग मी नवी बाई. घे माझं नाव."

तेव्हा मात्र तिने चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, हसेल. हसली नाही. उलट चेहरा जरा उतरलाच. "आर्लिस, तुला नाही जमणार. तुला धीर नाही. दुसरं काही मागून घे त्याचं. टोपी घे."

"टोपी नको. मिसुरीची बाई यंदा भाग घेणार नाही म्हणालीस ना मागे? तिच्या जागी मी. तारीख सांग."

"पंधरा जुलै," ती म्हणाली, आणि पिवळा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मला! तिच्या नणंदेला!

मी तीस वर्षं दोनशे पोरांचा स्वयंपाक केलाय. तेरा लाकडी तुकडे म्हणजे काय मोठं, असं मला वाटत होतं. कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं की ठोकळ्याला सहा बाजू असतात आणि माणसाला बोटं दहाच. एक बाजू डिंकवून खाली ठेवावी तर ती वर्तमानपत्राला चिकटते. हातात धरावी तर हाताला चिकटते. मी रंगाऐवजी घरचीच सामग्री घेतली: डाळी, पास्त्याची फुलं, मसाल्याच्या डब्यांची लेबलं. एका ठोकळ्यावरची डाळ मांजराने खाल्ली. वर चकाकी यावी म्हणून मी डिंकाचे चार थर दिले. दोन पुरे असतात हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि प्रत्येक थर दिवसभर वाळू द्यायचा हे माहीत असूनही मी तासभरच दिला. वरून छान कोरडे लागत होते. बोट लावून बघितलं मी! तेरा ठोकळे खोक्यात शेजारी शेजारी गच्च बसवले, चौदा इंची ट्रेमध्ये वड्या बसवतात तसे, आणि दहा जुलैला टपालात टाकले. चार मिनिटांवर राहते ती. तरी टपालात.

तेरा तारखेला खोकं परत आलं. वर लव्हॉनच्या हातची, छापील अक्षरांतली चिठ्ठी: "स्वीकारता येत नाही. कारण: चिकट." चिकट शब्दाखाली पट्टीने रेघ. उघडून बघते तर तेरा ठोकळे कुठले, एक वीट होती. जुलैच्या उन्हात टपालाच्या गाडीत शिजून सगळे एकमेकांत रुतले होते. सुरीने एक सोडवायला गेले तर शेजारच्याची अर्धी फुलं घेऊन निघाला.

मी फोन केला. "लव्हॉन, तुला दारातून माझ्या घराचं छप्पर दिसतं. फोन करून सांगता आलं नसतं?"

"टपालाने आलं होतं."

"दोन दिवस वाढवून दे."

"पंधरा म्हणजे पंधरा. दोन थर दे, पातळ. मध्ये मेणकागद घाल. आणि आर्लिस, पंख्याखाली ठेव, उन्हात नको." मग म्हणाली, "किंवा सोडून दे. कुणी काही म्हणणार नाही."

सोडून दे म्हणाली, म्हणून तर मी सोडलं नाही. नवे ठोकळे आणले, सहाही बाजू नुसत्या तपकिरी रंगवल्या आणि प्रत्येकावर एकेक पितळी स्क्रू फिरवला. डिंकच नको. पंख्याखाली वाळवले. पंधरा तारखेला सकाळी पोस्टमनला पेटीजवळ गाठून खोकं त्याच्या हातात दिलं आणि डोळ्यांदेखत शिक्का मारून घेतला. त्याने विचारलं, "इतकं काय महत्त्वाचं आहे?" मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

ठोकळे स्वीकारले गेले. महिनाअखेर माझं पार्सल आलं. एकाहून एक सुंदर बारा ठोकळे, मेणकागदात गुंडाळलेले, आणि वेगळ्या पिशवीत तो तेरावा. सहा बाजूंना सहा आकडे, प्रत्येकाखाली निळी पट्टी. ०.३०. ०. १.१५. बर्फ ४. ०. ०.०५. गेरिट शून्य काढायचा ते वर नेहमी उघडं राहायचं. मी बराच वेळ ती शून्यं बघत बसले. यात उत्तर काही नव्हतं, नुसता पाऊस होता. मला माझाच राग आला. एवढ्यासाठी मी मांजराला डाळ खायला घातली?

मी तो ठोकळा खिडकीत ठेवला, माझ्या त्या फसलेल्या विटेवर, कारण तिथे तेवढीच जागा होती. वीट टाकून द्यायची राहिली होती. आठवडाभर कडक ऊन पडलं. पुढच्या मंगळवारी भांडी घासताना ठोकळा उचलायला गेले तर हलेना. माझा डिंक! अजून ओला! मी जोर लावला, आणि ठोकळा सुटून हातात आला, पण खालच्या बाजूची निळी पट्टी विटेलाच राहिली.

पट्टीखाली गेरिटचं अक्षर होतं. "रवि. आर्लिस नाही."

मी चष्मा पुसला. तेच होतं. मग मी दुसऱ्या बाजूची पट्टी नखाने उचकटली. "रवि. आर्लिस नाही." तिसरी. "रवि. आर्लिस नाही. वड्या उरल्या." चौथी, बर्फाची: "रवि. आर्लिस नाही. रस्ता वाईट असेल." पाचव्या आणि सहाव्या बाजूला पुन्हा नुसते ते पहिले तीन शब्द.

रस्ता वाईट नव्हता. मला तो रविवार आठवतो. बर्फ काढणारा नांगर फिरून रस्ता साफ झाला होता, मी त्याच रस्त्याने चर्चला गेले होते आणि तोही.

हात धुतले की नाही आठवत नाही. चार मिनिटांची वाट मी अडीच मिनिटांत काटली. लव्हॉन पुढच्या खोलीत पुढच्या खेपेची यादी करत बसली होती. मी ठोकळा तिच्या यादीवर आपटला.

तिने तो उचलला, फिरवला. कडेवर अंगठा फिरवून म्हणाली, "मी दोन थर दिले होते. तू ओल्यावर ठेवलास."

"लव्हॉन!"

"हो. कळलं मला." तिने ठोकळा खाली ठेवला.

"सगळ्यांवर हेच आहे?"

"सगळ्यांवर."

"म्हणजे किती?"

"तेरा ठोकळे, सहा बाजू. अठ्ठ्याहत्तर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "बरोबर अठ्ठ्याहत्तर रविवार होते. मी काही जुळवायला गेले नव्हते. तो गेल्यावर वह्या चाळल्या तेव्हा दिसलं. म्हटलं, तू कधीतरी मागशीलच. फाडून जाळाव्यात तर हात होईना. मग असं केलं. सहा ओहायोला, सहा टेक्ससला, सहा मेनला. कुणी एकत्र करू शकणार नाही. एखादीने पट्टी काढून बघितलीच तर काय, कुणी एक बाई एका रविवारी आली नाही, एवढंच. त्यात काय आहे? सगळं एकत्र वाचलं तरच ते..."

"मग मला देताना तरी..."

"तू सोडशील असं वाटलं होतं. मी पुरेसा त्रास दिला तुला." हे तिने अगदी टपालाच्या खिडकीतून सांगावं तसं सांगितलं.

मी भलतंच विचारलं. "लपवायचंच होतं तर पट्टीखाली पेन्सिलीवर आधी थर कशाला दिलास? जपलंस कशाला?"

"शिसपेन्सिल पुसली जाते," ती म्हणाली. जसं काही मला एवढंही समजत नाही.

मग माझा तोल गेला. मी ओरडले. तेव्हा का नाही सांगितलंस? एक फोन केला असतास तर मी त्याच रविवारी आले असते! नवरा वहीत काय लिहितो ते तुला माहीत नव्हतं, पण तोंड बघून तर कळत असेल! गावभर पत्रं वाटत फिरलीस आणि चार मिनिटांवरच्या नणंदेला दोन शब्द पोचवता आले नाहीत?

लव्हॉनला मी पंचेचाळीस वर्षं ओळखते. तिचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"सांगणार होते! दोनदा फोन उचलला. तो म्हणाला, ठेव खाली. ती आपणहून येईल, बोलावून आणलेली बहीण मला नको. आणि तू म्हणत होतीस, त्याने फोन करावा. मी काय करायचं होतं तुम्हा दोघांचं? दोन गाढवं, आणि मी मध्ये कॉफी करतेय!" ती उठली. "आणि त्या टेबलाशी तो एकटाच बसायचा का? अठ्ठ्याहत्तर रविवार तिसरा कप कोण मांडायचं? कोरडा कप धुवून परत ठेवायचं काम कुणी केलं? त्याने लिहून ठेवलं म्हणून तुला त्याचं दिसलं."

"लव्हॉन..."

"तो गेल्यापासून बेचाळीस रविवार झाले. तू मेमध्ये आलीस ती वह्यांसाठी. बुधवारी. मग पुन्हा आलीस ती ठोकळ्यासाठी. मला लिहायची सवय नाही म्हणून कुठे लिहिलेलं नाही, आर्लिस. पण मला मोजता येतं."

रडायला यायला हवं होतं, ते येईना. मेपासून मी या बाईवर चिडले होते, त्याआधी अठरा महिने गेरिटवर, आणि आता राग तर तेवढाच होता, पण तो काढायला समोर दुसरं कुणी उरलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. तसं मी तिला म्हणालेही. ती म्हणाली, "बरं," आणि यादी सरळ करून परत लिहायला बसली.

रविवारी चर्च सुटल्यावर मी गाडी तिकडे वळवली. राईच्या जागी मका डोक्याएवढा झाला होता. लव्हॉनने दार उघडलं, "चप्पल बाहेर" म्हणाली, आणि आत गेली. टेबलावर भोपळ्याच्या वड्या होत्या, चौकोन अगदी पट्टीने कापल्यासारखे. कॉफी ओतायला तिने किटली उचलली, आणि तशीच थांबली.

टेबलावर कप तीन होते.

"लव्हॉन," मी हळूच म्हटलं, "तीन मांडलेस."

"दिसतंय मला," ती वैतागून म्हणाली. "बस ना आता."